हरणांसाठी पेरायचं काय? चांद्याच्या जंगलातला दीडशे वर्षांचा प्रश्न

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी एक काम आहे.)

अमेरिकेत हरणांसाठी शेती करतात. हो, बरोबर वाचलंत. शिकारीचा हंगाम यायच्या आधी लोक जंगलाच्या कडेला एक-दोन एकराचा तुकडा नांगरतात. त्यात क्लोव्हर, ओट, सलगम, सोयाबीन असं काहीबाही पेरतात. हरणं चरायला आली की मचाणावर बसलेला शिकारी बार टाकतो. कोणत्या मातीत कोणतं बियाणं लावायचं, थंडी पडल्यावर कोणता पाला गोड लागतो, यावर तिथं पुस्तकं आहेत आणि खास हरणांसाठी बियाणं विकणाऱ्या कंपन्याही आहेत.

त्यातली गंमत म्हणजे आपलं चितळसुद्धा तिथं पोचलेलं आहे. १८६८ साली हवाई बेटांच्या राजाला भेट म्हणून भारतातली चितळं पाठवली गेली, मोलोकाई बेटावर. १९३० च्या दशकात ती टेक्सासात नेली. दोन्हीकडे मागे लागायला ना वाघ, ना रानकुत्रे. आज तिथं चितळांचे कळपच्या कळप आहेत, शेतकरी वैतागलेले आहेत आणि शिकार खुलेआम चालते.

आपल्याकडे शिकार बंद आहे. चितळ मारलं तर तुरुंग. मग हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांनी का वाचायचा?

कारण 'हरणासाठी काय पेरायचं' हा प्रश्न आपल्याही जंगलाला दीडशे वर्षांपासून पडलेला आहे. राजे बदलले, साहेब बदलले, कायदे बदलले, तसं उत्तरही बदलत गेलं. फक्त त्याची किंमत मोजणारा माणूस बदलला नाही.

अगदी सुरुवातीपासून पाहू.

मोहर्लीहून ताडोब्याला जाताना रस्त्याच्या कडेला दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळचे, म्हणतात. राजा शिकारीला निघाला की या खांबांवरून दोर ओढून घंटा वाजवत निरोप पोचवायचे, असं जुने लोक सांगतात. ते खरं असो की दंतकथा, या जंगलात शिकार होती आणि ती राजापासून रंकापर्यंत सगळ्यांची होती, हे नक्की. राजाचा हाका वेगळा आणि गावाची पारध वेगळी. राजाला मान हवा होता, गावाला मटण हवं होतं.

तेव्हा हरणांसाठी कोणी काही पेरत होतं का? मुद्दाम कोणी पेरत नव्हतं, पण पेरल्यासारखं होत होतं. उन्हाळ्यात जंगलाला आग लागायची किंवा लावली जायची. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळायचे, वाळलेलं गवत जाळायचे. जळालेल्या जागी कोवळा फुटवा यायचा आणि त्या फुटव्यावर चितळ, सांबर उतरायचं. कुठं उतरेल ते गावाला आधीच माहीत असायचं. दक्षिणेकडं, आजच्या भामरागड-एटापल्लीच्या डोंगरात, माडिया लोक पेंदा करायचे. म्हणजे जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत कोसरा-कुटकी फेकायची, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि पुढं सरकायचं. मागं सोडलेल्या तुकड्यावर गवत आणि झुडूप माजायचं. हरणांना यापेक्षा चांगलं कुरण कुठलं?

१८५४ साली नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांदा जिल्हा त्यांच्या हातात आला. पुढं जंगल राखीव झालं, पेंदा गुन्हा ठरला, आग गुन्हा ठरली आणि गावाची पारधही गुन्हा ठरली. शिकार मात्र बंद झाली नाही. ती फक्त परवान्यावर गेली. जंगलाचे शिकारीचे ब्लॉक पाडले. साहेबानं अर्ज करायचा, ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक घ्यायचा, परवान्यावर लिहिलेली तेवढीच जनावरं मारायची. हरणाचा नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. नियम कागदावर चोख होते. हाकेकरी गावचे, मचाण बांधणारे गावचे, वाघाला बांधायचा बोदा पण गावचाच. स्वातंत्र्यानंतरही हे चालूच राहिलं. फरक एवढाच की गोऱ्या साहेबाच्या जोडीला देशी साहेब आले, आणि परदेशी पाहुण्यांना शिकार घडवून देणाऱ्या कंपन्या आल्या.

आता मुख्य मुद्दा. त्या साहेब लोकांना हरणांसाठी वेगळं काही पेरायची गरजच पडली नाही. कारण ते आधीच पेरलेलं होतं. आपल्या आज्या-पणज्यांनी.

पावसाळ्यात बांधीत धान असायचं. धान निघायच्या आधीच ओलीत लाखोळी फेकलेली असायची. मोकाशात हरभरा, जवस, तूर. जंगल आणि बांधी यांच्या मध्ये एक धुरा, बाकी काही नाही. दिवस मावळला की कळप बाहेर पडायचा. शेतकरी माळ्यावर बसून रातभर जागल करायचा. डबा वाजवायचा, शेकोटी पेटवायचा, हुर्रर्र करायचा. शिकाऱ्याला याच माळ्यावर बसायला मिळालं की त्याचं काम सोपं. अमेरिकेत शिकारी स्वतःच्या खर्चानं जे शेत पेरतो, ते आपल्याकडे शेतकऱ्यानं स्वतःच्या पोटासाठी पेरलेलं होतं आणि फुकटात वापरलं जात होतं.

इंग्रजांनी पीक राखायला बंदुकीचे परवाने दिले. भरमार बंदूक, ठासून भरायची. गावात एखाद-दुसऱ्याकडेच असायची, पाटील-मालगुजाराकडे. तिनं पीक किती राखलं आणि पातेली किती भरली, हा वाद तेव्हाही होता. सी.पी.चे वनाधिकारी आणि शिकारी डनबार ब्रँडर यांनी १९२३ साली मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवर पुस्तक लिहिलं. त्या काळातल्या अशा शिकारी साहेबांची एक ठरलेली तक्रार असायची, की गावठी बंदुकीनं जंगल रिकामं होतं. साहेबाच्या रायफलीनं किती रिकामं होतं, हे विचारायला तेव्हा कोणी नव्हतं.

इकडे वनखातं काय पेरत होतं? साग.

आलापल्लीचा साग जगात नाव काढून आहे. चांद्याच्या जंगलाकडे सरकारनं शंभर वर्षं लाकूड म्हणूनच पाहिलं. वाकडंतिकडं मिश्र जंगल तोडायचं आणि ओळीत साग लावायचा. पुढं बल्लारपूरचा कागद कारखाना आला, तर बांबूची मागणी वाढली. १९७४ साली वनविकास महामंडळ आलं आणि सागाची लागवड आणखी पसरली. आता सागाचं खरखरीत पान चितळाच्या काय कामाचं? मोह, बेहडा, आवळा, तेंदू, बोर या झाडांखाली हरणाला वर्षभर काही ना काही मिळतं. एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूचं फळ, हिवाळ्यात आवळा. वर माकड बसलेलं असलं तर ते अर्धं खाऊन अर्धं खाली टाकतं, त्यावर चितळ जगतं. दाट सागवनात हे काही नाही. म्हणजे ज्याच्या ताब्यात जंगल होतं त्यानं जंगलात असं लावलं की जे हरीण खात नाही, आणि ज्याच्या ताब्यात फक्त बांधी होती त्यानं असं लावलं की जे हरीण मिटक्या मारत खातं. कळप कुठं जाणार? सांगा बरं.

आता कायद्याकडे येऊ. ताडोब्यात शिकार बंद झाली १९३५ साली. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचं ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. पण आजूबाजूच्या जंगलात ब्लॉक चालूच होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी काही जनावरांची परवान्यावर शिकार करायची फट त्यात शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीनं बुजली. १९८६ साली अंधारी अभयारण्य झालं, १९९० च्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. सव्वासहाशे चौरस किलोमीटर गाभा, त्याच्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर.

आणि इथं तो जुना प्रश्न नव्यानं उभा राहिला. वाघ वाढवायचा तर त्याला खायला पाहिजे. वाघाच्या अभ्यासकांचा एक ढोबळ हिशेब आहे. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात. कळप कमी न होता दरवर्षी ५० निघायची तर मुळात ५०० जनावरं पाहिजेत. एका वाघामागं पाचशे! आणि ती पाचशे तोंडं काय खाणार? गवत. म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या पायाशी आहे ते गवत. जिप्सीतल्या पाहुण्याला ते दिसत नाही, कारण त्याचे डोळे पट्टे शोधत असतात.

ते गवत कुठून आलं? उठलेल्या गावांच्या जागेवरून.

बोटेझरी २००७ मध्ये उठलं, कोळशातली काही घरं उठली. त्यांना मूल तालुक्यात भगवानपूरला बसवलं. पुढं २०१३-१४ च्या सुमारास नवेगाव (रामदेगी) आणि जामणी उठलं. सरकारचं पॅकेज २००८ पासून कुटुंबामागं १० लाख होतं, २०२१ मध्ये ते १५ लाख झालं. आज जामणी आणि नवेगाव ही नावं कॅमेरावाल्यांच्या तोंडी असतात. केवढं मोठं कुरण, केवढे चितळाचे कळप, काय वाघ दिसतो! कुरण खरोखर देखणं आहे. पण ते कुरण म्हणजे कोणाच्या तरी बापजाद्यांच्या बांध्या आहेत. पिढ्यानपिढ्या दगड वेचून, धुरे घालून सपाट केलेली जमीन. तिथं गवत छान येतं, कारण माती आधीच कमावलेली होती.

आणि ते गवत आपोआप येत नाही. गाव उठलं की पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात येतो तो तरोटा. त्याच्या मागून रानतुळस, गाजरगवत, कडेनं घाणेरी. यातलं काहीही हरीण खात नाही. (तरोट्याची भाजी आपण खातो, पण कोवळी, पहिल्या पावसातली.) म्हणून हे तण फुलायच्या आणि बी धरायच्या आत, ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास, मुळासकट उपटावं लागतं. एक वर्ष नाही, ओळीनं तीन-चार वर्षं. एका वर्षाची हयगय झाली की बी पडतं आणि सगळी मेहनत पाण्यात. मग दिवाळीच्या आगेमागे जंगलात फिरून इथल्याच गवताचं बी गोळा करायचं. मारवेल, पवना, शेडा, मोशी, कुसळी. वाफ्यात रोप करायचं आणि पुढच्या पावसात ठोंब लावायचे. सोबत रानमूग, रानउडीद यांसारखे वेल असले तर माती सुधारते आणि चाऱ्याला कस येतो.

इथलंच गवत का? दूधवाल्यांचं नेपियर किंवा लसूणघास का नाही? त्याला पाणी आणि खत लागतं, आणि बाहेरची जात राष्ट्रीय उद्यानात आणून पेरणं म्हणजे नवीन घाणेरी आणण्यासारखं. शिवाय सगळ्यांना एकच गवत चालत नाही. चितळाला बुटकं, कोवळं लागतं. रानगव्याला उंच, जाड चालतं. सांबर पाला जास्त खातो. चितळाचं पाडस लपायला आणि वाघाला दबा धरायला उंच गवताची कड लागते. हे ज्ञान आपल्याकडं मेळघाटातून आलं. तिथं कुंड, कोहा, बोरी ही गावं उठल्यावर त्या जागी कुरणं करताना अमरावतीकडचे गवताचे अभ्यासक गजानन मुरतकर यांच्यासारख्या लोकांनी वनरक्षकांना गवत ओळखायला शिकवलं. गवत म्हणजे नुसतं गवत, असं समजणाऱ्या खात्याला ही मोठीच शिकवण होती.

पण मंडळी, खरी शिकवण गावच्या बायांकडून यायची. बी गोळा करणारे, तण उपटणारे हात त्यांचेच. कोणतं गवत ढोर आधी खातं हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत असतं. त्यांना मिळते रोजी. शहाणपणाचे पैसे कोणी देत नाही.

बरं, आत कुरण झालं म्हणून बाहेरची नासधूस थांबली का? नाही. कळप वाढला, आणि बफरमधल्या गावाच्या धुऱ्यापर्यंत आला. रानडुक्कर आणि रोही तर कुरणाची वाटच पाहत नाहीत. रोह्याला मोकळं रान आणि उभी तूर पुरेशी. २०१५ साली राज्यानं पीक नासवणाऱ्या रोही आणि रानडुकराला परवानगी घेऊन मारायची तरतूद केली. परवानगीचा अर्ज, पंचनामा, बंदूकवाला शोधणं, हे होईपर्यंत पीक पोटात गेलेलं असतं. चितळाला तर हातच लावता येत नाही, आणि लावूही नये.

मग शेतकऱ्यानं काय केलं? पीक बदललं. जंगलाकडेच्या गावात फिरून विचारा, पंधरा वर्षांपूर्वी इथं काय काय होत होतं. हरभरा होता, बंद केला. लाखोळी होती, बंद केली. मूग, उडीद, भुईमूग, मका, सगळं बंद. राहिलं धान आणि जिथं जमेल तिथं कापूस. म्हणजे हरणानं ठरवलं की माणसानं काय पेरायचं! ताटातली डाळ गेली आणि ती दुकानातून आली. याचा पंचनामा कोणत्याच फॉर्मवर होत नाही. नुकसानभरपाई मिळते ती पेरलेल्या पिकाची. भीतीनं पेरलंच नाही, त्याचं काय?

ज्यांनी पीक बदललं नाही त्यांच्यातल्या काहींनी तार लावली. सौरकुंपण असेल तर ठीक, त्याचा झटका बसतो आणि जनावर पळतं. जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही मिळतं. पण कित्येक ठिकाणी विजेच्या लाइनवर आकडा टाकून जिवंत तार सोडली जाते. त्यात डुक्कर मरतं, चितळ मरतं, वाघ मरतो, आणि पहाटे शेतावर गेलेला शेजारी मरतो. तार लावणारा जेलात जातो. वाघ मेला की राज्यभर बातमी होते, माणूस मेला की तालुक्याच्या पानावर दोन कॉलम. दोन्ही बातम्या लिहिणारा मीच असतो, म्हणून सांगतोय.

गडचिरोलीची गोष्ट उलटी आहे. १९८२ साली जिल्हा वेगळा झाला. दोन तृतीयांशाहून जास्त जमीन जंगलाखाली. एवढं जंगल, पण हरीण विरळ. भुकेपोटी आणि परंपरेनं झालेली शिकार, फासे, बाहेरच्यांची चोरटी शिकार आणि नक्षलवादामुळं वर्षानुवर्षं जंगलात न पोचलेलं खातं, अशी कारणं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला खूप काही दिलं, बांबू दिला, तेंदू दिला, पण शिकारीचा परंपरागत हक्क मात्र त्याच कायद्यानं स्पष्ट शब्दांत वगळला. आता वडसा, पोर्ला, चातगावकडे वाघ परत आलाय. चंद्रपुरात जागा पुरत नाही, म्हणून नदी ओलांडून येतोय. इकडे हरीण कमी असेल तर तो काय खाणार? गायी-बैल. आणि गायी-बैलांच्या मागं असतो गुराखी. पुढचं लिहायला नको. त्यातच २०२१ पासून छत्तीसगडमधून हत्ती आले, त्यांनी तर धानाच्या बांध्या आणि घरात साठवलेला मोह, दोन्हीची चव घेतली.

म्हणजे गवताचा प्रश्न हा गडचिरोलीत माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. जंगलात हरणाला खायला असेल, तर हरीण टिकेल. हरीण टिकलं, तर वाघ गोठ्याकडे कमी वळेल. एप्रिलच्या पहाटे मोह वेचायला गेलेली बाई आणि मोह खायला आलेलं चितळ एकाच झाडाखाली असतात. त्या चितळामागं कोण असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

मग उत्तर काय? एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ साली या छोट्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून गावानं रोजगार उभा केला, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण तेंदूपत्त्याबद्दल त्यांनी काय ठरवलं ते कमी जणांना माहीत आहे. पत्त्यासाठी झाड छाटावं लागतं, आग लावली जाते, आणि मग फळ येत नाही. तेंदूचं फळ माणूस खातो, पाखरू खातं, जनावर खातं. म्हणून गावानं तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. हातातला पैसा सोडला. जंगलाचा एक भाग तर अजिबात हात न लावता राखून ठेवला. ना प्रकल्प, ना पॅकेज. हरणासाठी त्यांनी नवीन काही पेरलं नाही. जे उभं होतं ते राहू दिलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं.

बफर आणि प्रादेशिक जंगलातल्या सागवनात मोह, आवळा, बेहडा, तेंदू परत लावा. गावच्या गायरानातलं तण काढून तिथं मारवेल-पवना लावायचं काम रोजगार हमीतून आणि ग्रामसभेच्या सल्ल्यानं करा. त्यानं गावच्या ढोरांचाही चारा होईल. आणि जंगलाच्या कडेच्या शेतकऱ्यानं भीतीनं सोडलेल्या पिकाची एकदा तरी मोजणी करा. वाघाची मोजणी दर चार वर्षांनी होते. हरभऱ्याची का नाही?

अमेरिकेत हरणांसाठी पेरणाऱ्याला निदान माहीत असतं की आपण हरणांसाठी पेरतोय. आपला शेतकरी पेरतो पोरांसाठी, आणि खातं कोणी दुसरंच.

आता तुमचं काम. तुमच्या गावात जंगली जनावरांमुळं कोणतं पीक बंद झालं आणि साधारण कधीपासून, ते खाली लिहा. गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका. दोन ओळी पुरेत. सगळं एकत्र करून ही यादी मी वनविभाग आणि कृषी विभाग दोघांकडेही घेऊन जाणार आहे.